काळखोंड्याची अर्धी पाटी

"नाय गं जयवंते, पाटी बेस चालतेय. मी बघतोय ना रोज. सकालला टीं-टीं वाजते, फरशीचां नाव येतां, झालां."

"नावाच्या म्होरं काय येतां, मामा?"

"म्होरं काय यायचां? नाव येतां."

"आन परवा दुपारी?"

"दुपारी पन वाजली. मी कूड लिंपत होतो. हात धुऊन बघलां त नावच. मी बोललो, पोर खेलतेय तठं जव्हारला बसून."

"मंग दोर बांधला का तू?"

मंगळूमामानं तिच्याकडं असं बघितलं, जसं काही तिनं त्याला भर उन्हात घोंगडी पांघरायला सांगितलं. "कशाला बांधू? बंद असती त पाटी बंद बोलली असती. बोलली नाय म्हंजे बेस."

जयवंतीनं हातातला चहाचा पेला खाली ठेवला. परवा दुपारी तिनंच काळखोंड्याच्या पाटीवर "रस्ता बंद" पाठवलं होतं. पावसाळ्याआधीची रंगीत तालीम म्हणून. पाटी वाजेल, मामा दोर बांधेल, फोन करील, मग ती सांगेल की सोड आता, नुसतं बघत होते. मामाचा फोन आला नाही तेव्हा तिनं रेंजला दोष दिला. काळखोंड्यात फोन लागायचा तर टेपाडावर चढावं लागतं, आणि कोरड्या दिवसांत मामा त्यासाठी गुडघे झिजवणार नाही, हे ती ओळखून होती. आज तो बाजाराला आला, ताडपत्री घेतली, आणि जाता जाता भाचीकडं चहाला चढला. बाजार नसता तर तिला कळलंही नसतं.

"तू बस जरा," ती म्हणाली.

"बसलो असतो, पन जीप सुटेल. काय झालां? तोंड का असां?"

"काय नाय. पाटी अर्धीच येतेय."

मामानं ताडपत्री खांद्यावर घेतली. "अर्धी? माला त पुरी वाटली," असं म्हणत तो जिना उतरून गेला.

जव्हारच्या एस.टी. डेपोच्या रस्त्यावर लोखंडी सामानाचं दुकान आहे, त्याच्या माडीवर ही खोली. संस्था लहान. जव्हार-मोखाड्याच्या ओहोळांवर जिथं जिथं बुटक्या फरश्या, म्हणजे पूर आला की बुडणारे ठेंगणे पूल, आहेत, तिथं वरच्या अंगाला संस्थेनं खांब रोवलेत. खांब पाण्याची उंची मोजतो आणि खोलीतल्या कॉम्प्युटरला कळवतो. कॉम्प्युटर त्याचा निरोप करतो आणि पाड्यावरच्या पाटीला पाठवतो. पाटी म्हणजे हातभर लांबीचा काळा डबा, त्यात लाल अक्षरं पेटतात आणि टीं-टीं वाजतं. काळखोंड्याची पाटी मंगळूमामाच्या पडवीत आहे. साखरशेताकडून आत वळलं की हा पाडा. रोज सकाळी तिथं "काळखोंडा फरशी. पाणी थोडं. रस्ता चालू." असं यायचं. पाणी चढलं तर "काळखोंडा फरशी. पाणी जास्त. रस्ता बंद." मग मामानं फरशीच्या तोंडाशी, ऐनाच्या झाडापासून आंब्यापर्यंत, दोर बांधायचा. दोर बांधला की पल्याडचं माणूस पल्याड राहील आणि अल्याडचं अल्याड. मग ते कुणी असो.

हा नेम पाड्यानं घालून घेतला तो संदीप गेल्यावर. संदीप जयवंतीचा थोरला भाऊ. मीठ आणि काडेपेटी आणायला दुकानावर गेला होता. परत येताना फरशीवर पाणी पोटरीइतकं. तसल्या पाण्यातून तो लहानपणापासून जात आलेला. आपल्याकडं पावसाचा थेंब नव्हता, वर मोखाड्याच्या डोंगरात कोसळत होता, आणि ते पाणी अर्ध्या फरशीवर त्याला भेटलं. सापडला तो खूप खाली, बांबूच्या बेटात अडकलेला. त्याची बायको कोंडी तेव्हा लग्न होऊन आलेली नवी सून. माहेरच्यांनी ने-ने केलं, ती गेली नाही. म्हणाली, माझं खाचर अठं हाय. ते भाताचं खाचर फरशीच्या पल्याड. म्हणजे ज्या पाण्यानं नवरा नेला, ते पाणी ओलांडून ती रोज जाते आणि रोज येते.

जयवंती तेव्हा जव्हारच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. आश्रमशाळेतून शिकत आलेली. शाळेत पहिली काही वर्षं "अठं-तठं" बोलली की वर्ग हसायचा. मग तिनं दोन जिभा करून घेतल्या, एक वर्गातली आणि एक घरातली. दोन्ही धारदार ठेवल्या. भाऊ गेल्यावर ह्या खोलीत कामाला लागली. काम शिकवलं वामनसरांनी. सर ठाण्याच्या कुठल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. सगळा प्रोग्रॅम त्यांनी एकट्यानं लिहिला, पाट्यांच्या डब्यांतला छोटा प्रोग्रॅमही त्यांचाच. मराठी बोलायचे पुस्तकातली, खायचे मात्र नागलीची भाकर आणि ठेचा, घाम येईपर्यंत.

पहिल्या पावसाळ्यात सरांनी पाटीवर इंग्रजी अक्षरं लावली होती. डब्याला ती सोपी पडत. कोंडीनं पाटीकडं बघून विचारलं होतं, "ही काय मुंग्यांची रांग?" ते ऐकून जयवंती सरांना म्हणाली, "सर, माझी वहिनी एकेक अक्षर लावून वाचते, पण आपलं वाचते. ह्यातलं तिला काय कळणार?" सर म्हणाले, जड जाईल. ती म्हणाली, जाऊ दे. दोघांनी मिळून त्या हिवाळ्यात डब्याला मराठी शिकवली. जयवंतीच्या हातून झालेलं ते पहिलं खरं काम.

पुढं सर वारले. कॉम्प्युटर त्यांच्याइतकाच जुना झालेला, तो यंदाच्या शिमग्यानंतर बंद पडला तो पडलाच. नवा आला. नव्यावर सरांचा प्रोग्रॅम चालेना.

प्रोग्रॅम लिहिलेला पायथन नावाच्या भाषेत, पण तिच्या जुन्या आवृत्तीत. नव्या मशीनवर नवी आवृत्ती. फरक ऐकायला क्षुल्लक आहे. तारेतून किंवा हवेतून जे जातं ते अक्षर नसतं, तो आकड्यांचा लोंढा असतो. त्यातल्या एकेका आकड्याला बाइट म्हणतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. आपल्या अक्षराला तीन लागतात, आणि कान्याला, वेलांटीला आणखी तीन-तीन. जुनी आवृत्ती ह्या दोन्ही गोष्टी एकाच टोपलीत टाकायची, अक्षरही आणि बाइटही, आणि काही विचारायची नाही. नवी विचारते. हे काय आहे ते नीट सांग, म्हणते, मग मी हात लावीन. नाही सांगितलं तर तिथंच बसून राहते.

जयवंतीनं हे आपल्यापुरतं समजून घेतलं ते भातावरून. बाइट म्हणजे सालासकटचं भात. अक्षर म्हणजे तांदूळ. खांबाकडून येतं ते भात. दारातच सडायचं, म्हणजे साल काढायची, आत सगळा कारभार तांदळाचा करायचा, आणि पाटीला पाठवताना दारातच परत साल चढवायची. गिरणीत तांदळाला साल चढवायची सोय नसते, इथं असते, एवढाच फरक. सरांच्या प्रोग्रॅमात मात्र जागोजाग भात-तांदूळ कालवलेलं. सरांची चूक नव्हे, त्यांच्या काळी तसंच चालायचं. चैत्र-वैशाख तिनं ते निवडण्यात घालवले. मशीन एका ओळीवर अडायचं. ती ओळ ती सोडवायची. मग ते पुढच्या ओळीवर अडायचं. खिडकीखाली दुकानात लोखंडी सळया आपटत असायच्या आणि ती ओळीमागून ओळ पुसत, लिहीत बसलेली. शेवटी मशीन कुठंच अडेना. तिनं खोलीतल्या जादा पाटीवर निरोप पाठवून बघितला. पुरा आला. मग सगळ्या पाड्यांच्या पाट्या नव्या प्रोग्रॅमला जोडल्या, आणि तिला झोप लागायला लागली.

आणि आता मामा सांगून गेला की नुसतं नाव येतं.

तिनं टेबलावरची जादा पाटी पुढं ओढली आणि काळखोंड्याचा निरोप जसाच्या तसा पाठवला. टीं-टीं. लाल अक्षरं पेटली. काळखोंडा फरशी. पुढं काळा डबा.

खालून हरेश आला. हरेश मोखाड्याकडचा. खांबांची, पाट्यांची देखभाल त्याच्याकडं, मोटारसायकलवर दोन तालुके पालथे घालतो.

"हे बघ," जयवंती म्हणाली.

"नाव आलंय की."

"पुढचं कुठंय?"

हरेश वाकला. मग सावकाश सरळ झाला. "वरच्या एका पाड्यावर नावाच्या शेवटी चौकोन दिसत होता. मला वाटलं, दिवा गेला असेल आतला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू तरी कुठं विचारलंस? पाटी वाजतेय ना, विचारायचीस. वाजतेय म्हणून सांगायचो." तो खुर्चीवर बसला. "पण तू तर पाठवून बघितलं होतंस. पुरं आलं होतं."

"आलं होतं." तिनं तो जुना निरोप पडद्यावर काढला. "इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं मी. पाणी, रस्ता, सगळं. आपण फोनवर लिहितो तसं."

हरेशला हसू आलं, पण ते त्यानं तोंडातच ठेवलं. सगळेच तसं लिहितात. मामाच्या पोरांपासून संस्थेच्या साहेबांपर्यंत बोलणं मराठी आणि बोटं इंग्रजी. तिनं हाताला वळण होतं तसं लिहिलं. जी मराठी तिनं भांडून पाटीवर आणली होती, ती सोडून बाकी सगळं तपासलं.

चूक सापडायला वेळ लागला नाही. निरोप पाठवताना आधी एक आकडा जातो, मागून किती येतंय ते सांगणारा. पाटी तेवढे बाइट घेते आणि दार लावते. जुन्या आवृत्तीत मोजलं की बाइट मोजले जायचे, कारण तिथं दुसरं काही नव्हतंच. नव्या आवृत्तीत त्याच शब्दानं मोजलं की अक्षरं मोजली जातात. मशीन अडलं नाही, कारण माप तर बरोबरच होतं. फक्त ते तांदळाचं होतं, आणि पोत्यात भरून गेलं ते भात. पाटीनं साधारण एक तृतीयांश घेतलं आणि दार लावलं. इंग्रजी अक्षरांना साल अशी नसतेच, तिथं दोन्ही मापं सारखी.

तिनं ती मोजायची ओळ खाली नेली. आधी साल चढव, मग मोज. पुन्हा पाठवलं. काळखोंडा फरशी. पाणी जास्त. रस्ता बंद.

"झालं," हरेश म्हणाला. "फोन कर मामाला."

"फोन करून नाही होणार. मी जाते वर."

"ओळ तर सुधारलीस."

"पाड्यावरचे सगळे नाव बघून वळायला शिकलेत," ती म्हणाली. "ते कुठल्या ओळीत सुधारू?"

दुसऱ्या दिवशी हरेश खोलीत बसला, निरोप पाठवायला. जयवंती जीपनं साखरशेतापर्यंत गेली आणि पुढं चालत. आभाळ भरून आलेलं पण पडत नव्हतं. खाचरांतला राब भाजून काळा झाला होता. मामाच्या पडवीत पाड्यातली पाच-सहा माणसं जमली, ती पाटीपेक्षा जयवंती काय खाऊ घेऊन आली ते बघायला. कोंडी सगळ्यात मागं, कुडाला टेकून, विळा घासत बसली.

जयवंतीनं आडपडदा ठेवला नाही. म्हणाली, पाटी अर्धी येत होती, माझ्या हातून चुकलां. नाव आयलां म्हंजे बेस असां धरू नका. त्या दुपारी मी रस्ता बंद धाडला होता, तो तुम्हाला दिसलाच नाय.

मंगळूमामा हातातली तंबाखू मळायचा थांबला. "म्हंजे तवा पानी असतां त..."

"हां मामा."

"मी दोर बांधला नसता."

"नसता."

"आन लोकांनी माला धरला असता. मंगल्या, तू पडवीत बसून काय करत होतास, असां बोलले असते."

"तुलाच बोलले असते. तुझी चूक नव्हती, पन तुलाच बोलले असते."

मामानं तंबाखू मळली आणि तोंडात टाकली. "पानी नव्हतां ना. मंग झालां," तो म्हणाला. पण नंतर तो पाटीकडं बघत राहिला, जसं माणूस चावलेल्या कुत्र्याकडं बघतो.

एकीनं विचारलं, अर्धी का आली. जयवंतीनं भात-तांदळाचं सांगितलं. पोतं भाताचं आणि माप तांदळाचं. बायांना लगेच कळलं. गिरणीवर पोतं दिलं आणि माप कमी आलं की भांडण कशावरनं होतं ते त्यांना कुणी सांगायला नको.

कोंडीनं विळा घासायचा थांबवला. विळ्याची धार अंगठ्यानं बघत ती म्हणाली, "तुझा भाऊस गेला तवा पाटी नव्हती. मी बोलले, नव्हती त काय करणार. आथा पाटी हाय, आन ती अर्धी. मी त्या अर्ध्या पाटीवर भरोसा ठेवून किती वखत फरशी ओलांडली असेल."

जयवंती उठून पाटीजवळ गेली.

"वयनी, आथा पुरी येते. तू वाचून बघ."

"धाड."

जयवंती टेपाडावर चढली, हरेशला फोन लावला, धापा टाकत खाली आली. पाटी वाजली. कोंडी उठली, डब्यासमोर उभी राहिली, आणि एकेक अक्षराखालून विळ्याचं टोक नेत मोठ्यानं वाचलं. "का-ळ-खों-डा. फर-शी. पा-णी. जास्-त. रस्-ता. बं-द." मग तिनं डब्याच्या पुढं, जिथं काही नव्हतं तिथंही, विळ्याचं टोक नेऊन बघितलं. अजून काही राहिलंय का ते.

"शेवटचां बघीन आथा," ती म्हणाली. "नाव नाय बघायची. पन पानी पन बघीन मी. पाटी तू केलीस, पानी नाय केलांस."

"बघ," जयवंती म्हणाली. "पानी बघच."

"आन बाकीच्या पाड्यांना सांगलां का? का आमालाच?"

"हरेश जाणार हाय."

"तो सांगेल, आन लोक हां-हां करतील. वाचून घे म्हणावं. तोंडानं. माझ्यावानी."

हे जयवंतीच्या डोक्यात आलं नव्हतं. पुढचे दिवस हरेश पाड्यापाड्यावर गेला आणि प्रत्येक ठिकाणी कुणाला तरी पाटी शेवटापर्यंत मोठ्यानं वाचायला लावून आला. एका पाड्यावर म्हातारे चिडले, आम्ही काय शाळेत बसलोय का म्हणाले. तरी वाचलं.

पाऊस लागला. पुष्कळ दिवस पाटीवर पाणी थोडंच होतं. आवणं, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली. सगळी माणसं खाचरांत वाकलेली. तशा एका दुपारी जव्हारला नुसती भुरभुर होती, आणि जयवंतीच्या पडद्यावर काळखोंड्याच्या खांबाचा आकडा चढायला लागला. आधी हळू. मग एकदम. प्रोग्रॅमनं निरोप केला, साल चढवली, मोजलं, धाडला. पडद्यावर एक ओळ आली, धाडलं म्हणून. धाडलं एवढंच तिला कळतं. पाटीनं काय घेतलं, ते पाटीजवळच्या माणसाला कळतं.

तिनं मामाला फोन लावला. लागला नाही. लागणारही नव्हता. पाटी वाजली असेल तर मामा फरशीकडं धावला असेल, आणि वाजली नसेल तर खाचरात असेल. दोन्हीकडं रेंज नाही. हरेश दारात येऊन उभा राहिला, पडद्याकडं बघून परत गेला. खाली दुकानात कुणी पत्रा कापत होतं. आकडा चढतच होता. तिनं आपली मोजायची ओळ उघडून पुन्हा वाचली. बरोबर होती. कालही बरोबर होती. अर्ध्या निरोपाच्या दिवसांतही तिला सगळं बरोबरच दिसत होतं, हे ती विसरू शकत नव्हती. संदीपचं तोंड आठवायचं नाही असं ठरवून ती पडद्याकडं बघत बसली, आणि ते आठवलंच. मीठ घेऊन येणारा, चड्डी वर खोचलेला.

फोन वाजला. आधी नुसता वारा.

"...बांधला गं. ऐकतेस का? दोर बांधला."

"पाटी पुरी आयली?"

"पुरी. माझ्या नातीनं वाचली, मी पन वाचली. मंग धावलो. पानी आथा फरशीच्या वर हाय, कमरेच्या वर."

"वयनी कठं हाय?"

"पल्याड."

तिचं बोट पडद्यावरच्या आकड्यावर गेलं.

"पल्याड, पन वर. खाचरात. निघालीच होती, डोक्यावर भारा होता. मी दोर बांधला नि आरडलो. तिनं हात केला. फरशीच्या तोंडापर्यंत आयली, पानी बघलां, परत फिरली. आज तठंच निजेल, राखनीच्या माल्यावर." मामा खोकला. "तुला शिव्या देतेय पन. माला अठवर ऐकाय आल्या. भाकर नाय तिच्याजवल. बोलते, जयवंतीला सांग, पाटीवर भाकर धाड म्हणावं."

जयवंतीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "सकाली पानी उतरलां की दे नेऊन भाकर."

"देतो. ठेव आथा, भिजलोय मी."

फोन बंद झाला. हरेश पुन्हा दारात आला होता. "बांधला?"

"बांधला. वहिनी पल्याड आहे. उपाशी."

"मग?"

"मग काय. शिव्या देतेय."

हरेशनं मान हलवली आणि मोटारसायकलची किल्ली शोधायला लागला. मोखाड्याकडचा एक खांब सकाळपासून गप्प होता, तिकडं जायचं होतं. जयवंतीनं पदराच्या टोकानं चष्मा पुसला. त्या गप्प खांबाच्या ओळी तिनं उघडल्या. तिथं येणाऱ्या आकड्याची साल काढायची राहून गेली होती का, ते बघायचं होतं. ती पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.